आजारी मुलाची साक्ष

रोगाचा इतिहास आपल्याकडे साधारणतः दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक तऱ्हा शास्त्रज्ञांची : जंतू कोणी शोधला, लस कोणी काढली, पारितोषिक कोणाला मिळाले. दुसरी तऱ्हा सरकारची : कोणत्या साली कोणती योजना आली, किती लोकांची तपासणी झाली. या दोन्ही इतिहासांत आजारी माणूस असतो, पण तो केसपेपरवरचा क्रमांक म्हणून. त्याचे म्हणणे तेथे नसते. तो आजारी माणूस मूल असेल तर त्याच्या म्हणण्याला मुळातच किंमत नाही, कारण पोराला काय कळते? आणि ते मूल दलिताचे, आदिवासीचे किंवा अमेरिकेतल्या काळ्या माणसाचे असेल तर त्याच्या आईबापाच्या म्हणण्यालाही किंमत नाही, कारण अडाण्याला काय कळते? हे मौन असे दुहेरी आहे. ते कोणी, कोठे, कसे मोडले, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी मी एकच आजार घेतला आहे : सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना या शब्दाची ओळख करून देण्याची गरज नाही.

तरी आजाराचे स्वरूप दोन वाक्यांत सांगितले पाहिजे. रक्तातील तांबडी पेशी गोल व लवचीक असते. या आजारात हिमोग्लोबिनमधल्या एका बदलामुळे ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि जेथे अडकते तेथे असह्य कळा सुरू होतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. नुसत्या वाहकाला मात्र सहसा कसलाच त्रास नसतो. 'वाहक' आणि 'रोगी' यांतला हा फरक वाचकाने पक्का ध्यानात ठेवावा. पुढच्या इतिहासात पुष्कळ अन्याय हा फरक पुसला गेल्यामुळेच झाला आहे.

आपली बाजू आपण मांडण्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. किंबहुना तेथूनच ती सुरू होते. 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. अस्पृश्यांचे दुःख दुसऱ्या कोणी, कितीही सदिच्छेने, सांगून भागत नाही. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यच असले पाहिजेत, हा तिचा गाभा होता. 1928 साली सायमन कमिशनपुढेही त्यांनी हीच भूमिका घेतली. आपण हा सिद्धांत विधिमंडळापुरता वाचतो. तो दवाखान्यालाही लागू आहे, हे आपण फारसे बोललो नाही.

वास्तविक बाबासाहेबांनीच ते दाखवून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र घेतले आहे. ते 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. या शिक्षकाची बाळंत झालेली बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या मोठ्या माणसाने मध्यस्थी केली, फी ठरली, तेव्हा तो वस्तीबाहेर येऊन उभा राहिला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला; आणि तो परतही त्याच वाटेने गेला. न्यूमोनिया आहे असे सांगून डॉक्टर निघून गेला. बाई वाचली नाही. येथे औषधशास्त्र होते, डॉक्टर होता, फीसुद्धा मोजली होती. नव्हते ते एवढेच, की त्या माणसाला आपल्या बायकोविषयी डॉक्टरला सरळ विचारण्याचा अधिकार. त्याने तो अधिकार नंतर पत्र लिहून घेतला, आणि म्हणून ती बाई आज आपल्याला माहीत आहे.

आता मूळ आजाराकडे येऊ. 1910 साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराचा जन्म तेथे मांडला जातो. ज्या रोग्याच्या रक्तावरून हा निबंध लिहिला गेला तो वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला काळा विद्यार्थी होता. निबंधात त्याचे नाव नाही. त्याचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल हे इतिहासकारांनी पुष्कळ दशकांनी शोधून काढले. पदवी घेऊन तो मायदेशी परतला, तेथे दातांचा दवाखाना चालवला आणि 1916 साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला. त्याच्या पेशींचा इतिहास सुरू झाला. त्याचा स्वतःचा मात्र उरला नाही.

आणि हा आजार खरोखर 1910 साली सापडला काय? घानाचे डॉ. फेलिक्स कोनोते-आहुलू यांनी या प्रश्नाला चोख उत्तर दिले आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता आणि त्यांच्या भाषांत त्याला नावे होती. गा भाषेत 'च्वेच्वेच्वे', फांती भाषेत 'न्वीवी' अशी ती नावे आहेत; एकच आवाज पुन्हा पुन्हा, जशी कळ पुन्हा पुन्हा येते तसा. स्वतःच्या घराण्यातला हा आजार डॉक्टरांनी 1670 पर्यंत मागे नेऊन दाखवला. रात्रभर कण्हणाऱ्या पोराचा आवाज ऐकूनच आयांनी ही नावे ठेवली असावीत, असे मला वाटते. म्हणजे ज्ञान होते. ते साक्ष म्हणून कोणी नोंदवून घेतले नाही, एवढेच.

यानंतर चाळीस वर्षे शास्त्र झपाट्याने पुढे गेले. 1949 साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी या रोग्यांचे हिमोग्लोबिनच वेगळे असल्याचे सिद्ध केले. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी वाहकांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते हे दाखवले. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारत आला तेथे हा बदल टिकून राहिला. त्याचा संबंध डासाशी आणि दलदलीशी आहे, कोणत्याही जातीच्या हीन रक्ताशी नाही. ग्रीसमध्ये, अरबस्तानात, गोंडवनात तो सापडतो तो याचमुळे. पण या सगळ्या शोधांचा आजारी मुलाला उपयोग काय झाला? जवळजवळ काहीच नाही. जगातला पहिला 'रेणूचा आजार' म्हणून सिकलसेल प्रयोगशाळेत गाजत होता आणि मुले पाच वर्षांची व्हायच्या आत साध्या संसर्गाने मरत होती.

1970 साली डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत या विषमतेचे आकडे मांडले. 1967 साली अमेरिकेत सिकलसेलचे अंदाजे 1,155 नवे रोगी होते, आणि मुख्यतः गोऱ्या मुलांना होणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसचे 1,206. म्हणजे जवळपास सारखेच. स्नायूंच्या ऱ्हासाचे 813, म्हणजे त्याहून कमी. पण लोकवर्गणी? स्नायूंच्या आजारासाठी 79 लाख डॉलर, सिस्टिक फायब्रोसिससाठी 19 लाख डॉलर, आणि सिकलसेलसाठी एक लाखाच्याही आत. दयेलाही रंग असतो, हे इतक्या स्वच्छ हिशेबात क्वचित दिसते.

हा हिशेब ज्यांनी रस्त्यावर आणला ते ब्लॅक पँथर. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूए न्यूटन आणि बॉबी सील यांनी ही संघटना काढली. आपल्याकडे तिची ओळख बंदूक, काळे जाकीट आणि वळलेली मूठ एवढीच राहिली. 1969 च्या जानेवारीत ओकलंडमधल्या एका चर्चमध्ये तिने शाळकरी मुलांना मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असते. पण 1970 पासून तिच्या शाखांनी लोकांचे मोफत दवाखाने उघडले आणि 1971 साली सिकलसेलची मोहीम हाती घेतली, हा अध्याय आपण वाचलाच नाही. फुटपाथवर टेबल मांडायचे, बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, तपासायचा आणि त्या टेबलावरच समोरच्या माणसाला समजावून सांगायचे, की हा आजार काय आहे, तुझ्या पोराचे हातपाय का दुखतात, आणि यावर संशोधन का झाले नाही. 1972 च्या मार्चअखेर ओकलंडला भरलेल्या त्यांच्या परिषदेत किराण्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या आणि त्याच मांडवात हजारो लोकांचे रक्त तपासले गेले. त्याच महिन्यात त्यांनी आपला दहा कलमी कार्यक्रम सुधारला आणि सर्व शोषितांना संपूर्ण मोफत आरोग्यसेवा ही मागणी त्यात घातली.

या कामात त्यांनी सर्वांत मोलाची कोणती गोष्ट केली असेल तर ती ही, की पांढरा कोट न घातलेल्या माणसाला त्यांनी दवाखान्यात जागा दिली. वस्तीतली तरुण मुले-मुली रक्तदाब घ्यायला, तपासणी करायला, रोग्याची हकिकत लिहून घ्यायला शिकली. रोग्याबरोबर डॉक्टरकडे जायचे, तो घाबरून जे विसरतो ते त्याला आठवून द्यायचे, डॉक्टरने इंग्रजीत सुद्धा न समजण्यासारखे जे सांगितले ते पुन्हा विचारायचे, असे काम करणारे स्वयंसेवक या दवाखान्यांतून असत. आईने आपल्या पोरासाठी बोलावे कसे, हे तिला तेथे एखाद्याला बोलताना पाहून कळत असे. चळवळीने माणसाला मोर्चात बोलायला शिकवले होते. पँथरनी त्याला डॉक्टरच्या टेबलासमोर बोलायला शिकवले, आणि माझ्या मते ते अधिक कठीण आहे. मोर्चात शेकडो असतात. टेबलासमोर एकटी आई असते आणि तिच्या मांडीवर कण्हणारे पोर असते.

या दबावाचा परिणाम झाला. 1971 च्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन यांना काँग्रेसला पाठवलेल्या आरोग्यविषयक संदेशात सिकलसेलचा उल्लेख करून निधी वाढवावा लागला, आणि 16 मे 1972 रोजी सिकलसेलविषयी राष्ट्रीय कायदा झाला. पण येथून पुढची गोष्ट सावध होऊन वाचण्यासारखी आहे. प्रश्न सरकारने उचलला आणि साक्षीदाराला बाजूला सारले. निरनिराळ्या राज्यांनी घाईघाईने सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. कोठे शाळेत दाखल होताना, कोठे लग्नाचा परवाना घेताना. न्यूयॉर्कमधला लग्नाच्या वेळचा नियम तर गोऱ्यांना स्पष्टपणे वगळणारा होता. काही कायद्यांत वाहक आणि रोगी हा फरकच नीट केलेला नव्हता. तपासणी झाली, पण समजावून सांगणारा कोणी नव्हता. मग विमा कंपन्यांनी वाहकांचे हप्ते वाढवले, विमान कंपन्यांनी कामावर घेताना त्यांना अडवले, आणि हवाई दलाच्या अकादमीत वाहक तरुणांना 1981 पर्यंत प्रवेश नव्हता. ज्यांना काहीच आजार नाही अशा माणसांवर आजाराचा शिक्का बसला. राष्ट्रीय कायद्याने तपासणी ऐच्छिक असावी अशी अट घातली आणि पुढे राज्यांचे सक्तीचे कायदे मागे पडले, तेही काळ्या डॉक्टरांनी व कुटुंबांनी आवाज उठवल्यावर. टेबल तेच, सुईही तीच. पण टेबलामागच्या माणसाचे आपल्याशी नाते काय यावर त्या सुईचा अर्थ बदलतो.

मुलांचे मरण थांबले ते आणखी पुढे, आणि त्यातही एका विशिष्ट डॉक्टरचा वाटा आहे. डॉ. मॅरिलिन गॅस्टन या गरीब घरातल्या काळ्या स्त्री. 1964 साली उमेदवारी करताना त्यांच्यापुढे हात सुजलेले एक तान्हे मूल आले. पडल्याने हात सुजला असेल असे त्यांना वाटले. रक्त तपासल्यावर सिकलसेल निघाला, आणि हे आपल्याला आधीच का सुचले नाही, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. 1986 साली त्यांच्या पथकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांखालील आजारी मुलांना दिवसातून दोनदा पेनिसिलिन दिले तर घातक संसर्ग 84 टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. इतके स्पष्ट, की अभ्यास ठरल्या वेळेच्या आधीच थांबवून सर्व मुलांना औषध सुरू करावे लागले. पेनिसिलिन हे तोवर चाळीस वर्षांचे जुने, स्वस्त औषध होते. या मुलांना ते आधी द्यायला कोणताही महान शोध लागायचा राहिला नव्हता. राहिले होते ते एवढेच, की या मुलांच्या मरणाकडे कोणीतरी आपल्या घरातले मरण म्हणून पाहावे. नवजात बाळाचे रक्त जन्मतःच तपासावे ही शिफारस 1987 साली झाली.

इंग्लंडमध्ये ही वाट रोग्यांनी आणि आईबापांनीच पाडली. वेस्ट इंडीज व आफ्रिकेतून मजुरीला आलेल्या कुटुंबांची मुले लंडनच्या रुग्णालयांत कळांनी तळमळत आणि डॉक्टरांना हा आजारच परका वाटे. 1975 साली नेव्हिल क्लेअर या रोग्याने पहिली संघटना काढली. 1979 साली ब्रेंट भागात या आजाराचे समुपदेशन केंद्र सुरू झाले आणि एलिझाबेथ अनिओन्वू ही परिचारिका तेथे बसू लागली; त्याच साली रोगी, पालक व डॉक्टर यांची सिकलसेल सोसायटी स्थापन झाली. एवढ्या वर्षांच्या भांडणातून काय मिळाले? 2006 पर्यंत इंग्लंडभर प्रत्येक बाळाची तपासणी. आणि 2012 साली एक लेखी मार्गदर्शक नियम : कळा येत असलेला सिकलसेलचा रोगी रुग्णालयात आला की तीस मिनिटांच्या आत त्याला वेदनाशामक मिळाले पाहिजे. तीस मिनिटे हा आकडा महत्त्वाचा आहे. 'लवकर बघा हो डॉक्टर' ही विनवणी असते. 'तीस मिनिटे झाली' हा हक्क असतो.

तरीही 2019 साली लंडनच्या एका रुग्णालयात सिकलसेलचा 21 वर्षांचा तरुण ऑक्सिजन मागत राहिला, कोणी ऐकेना, म्हणून त्याने रुग्णालयातल्या खाटेवरूनच मदतीसाठी आणीबाणीच्या क्रमांकावर फोन केला. तो वाचला नाही. त्यानंतर 2021 साली ब्रिटिश खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने चौकशी करून जो अहवाल दिला त्याचे शीर्षकच 'कोणी ऐकत नाही' अशा अर्थाचे आहे. नियम होता, आवाजही होता. ऐकणारा नव्हता. तेव्हा नुसते रोग्याला बोलायला शिकवून भागत नाही. त्याच्यामागे ऐकायला भाग पाडणारी संघटना लागते.

आता नागपूरकडे वळू. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये. 1958 साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकात छापला. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. लाखो लोक नवा माणूस म्हणून उभे राहत होते, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांच्या रक्तातली ही गोष्ट लंडनला कळली होती. त्यांना स्वतःला मात्र ती कोणी सांगितली नव्हती. आईबाप 'वात आहे', 'हाडीताप आहे', 'बाहेरचे आहे' म्हणत दारोदार फिरत राहिले.

29 मे 1972 रोजी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. ओकलंडच्या त्या परिषदेला तेव्हा नुकतेच दोन महिने झाले होते. नाव तिकडून आले, तडफ आली, नकार आला. ते टेबल मात्र आले नाही. यात मी कोणाला दोष देत नाही. गावोगाव बायकांची विटंबना होत होती, माणसे जाळली जात होती, आणि तरुणांच्या त्या संघटनेला आयुष्यही थोडे लाभले. पण ज्या आजाराने अमेरिकन पँथरना दवाखान्यात नेले तोच आजार विदर्भातल्या आपल्याच वस्त्यांत होता, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करतो.

आपल्याकडे हे काम एका बापाने केले. नागपूरचे संपत रामटेके डॉक्टर नव्हते. मुलाला सिकलसेल असल्याचे कळल्यावर त्यांनी आजाराचा अभ्यास केला, रोग्यांना आणि पालकांना एकत्र आणले, सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि सरकारदरबारी पाठपुरावा चालवला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेल आला, त्यामागे अशा माणसांची खेटे घालण्याची चिकाटी आहे. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पदवीपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की आपल्या समाजातला एक बाप मुलाचा केसपेपर हातात धरून रांगेत उभा राहिला आणि रांगेतल्या बाकीच्या बापांना त्याने बोलते केले.

औषधेही आली. कळा कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया अमेरिकेत 1998 साली प्रौढांसाठी मान्य झाले. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीव्र आजाराची 60 मुले होती; औषधाच्या अल्प मात्रेनेही कळा आणि रक्त चढवण्याची गरज पुष्कळ कमी झाली. म्हणजे आपल्याच मुलांवर, आपल्याच शहरात सिद्ध झालेला हा उपाय आहे. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेत जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. त्यांची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. त्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली. गोळी मात्र तालुक्याच्या ठिकाणी मिळते की नाही, ही बातमी होत नाही.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी झालेल्याला कार्ड मिळते. तपासणीला माझा विरोध नाही. ती व्हायलाच हवी. परंतु अमेरिकेतल्या 1972 नंतरच्या दहा वर्षांचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला काही प्रश्न विचारावेच लागतात. निर्मूलन कशाचे, आजाराचे की आजारी मुले जन्माला येण्याचे? जी मुले आज कण्हत आहेत त्यांचे काय? लग्नाआधी कार्ड जुळवून पाहा, असे सांगितले जाते. ज्या घरांनी 1956 साली पत्रिका नाकारली त्यांच्या हाती ही नवी पत्रिका येत आहे. वाहक मुलीला 'खोट आहे' म्हणून परत पाठवण्यासाठी तिचा वापर होणार नाही, हे कोण पाहणार? आणि एक गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही. जातीतल्या जातीत लग्ने लावल्यामुळे वाहकांची गाठ वाहकांशी पडते. बाबासाहेबांनी 1936 सालीच जातीच्या मुळावर घाव घालायला आंतरजातीय विवाह सांगितला. तो उपाय कार्डावर छापलेला नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचेही तसेच आहे. सवलतींसाठी चाळीस टक्के अपंगत्व लागते. हा आजार आज दिसतो, उद्या दिसत नाही. सोमवारी वर्गात हसणारा मुलगा गुरुवारी खाटेवर असतो. महाविद्यालयात शिकवताना अशी एकदोन मुले दरवर्षी भेटतात. हजेरी भरत नाही म्हणून त्यांची नावे फलकावर लागतात, आणि ती कारण सांगत नाहीत. विचारले तर 'ताप होता सर' म्हणतात. सिकलसेल म्हटले की वस्ती कळते, जात कळते, ही भीती त्यांच्या तोंडावर वाचता येते. काठेवाडच्या त्या मास्तराला थर्मामीटर दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागला. आमची ही मुले आपल्या आजाराचे नावच दुसऱ्याच्या तोंडी ठेवून जगतात.

येथे कोणी म्हणेल, एवढ्याशा पोराला आजार सांगून घाबरवायचे कशाला? पण मूल घाबरलेलेच असते. मायरा ब्लूबाँड-लँग्नर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्त्रीने रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांमध्ये राहून 1978 साली पुस्तक लिहिले. मोठी माणसे लपवत होती, तरी मुलांना आपल्या आजाराविषयी सगळे कळत होते. मोठ्यांना दुःख होऊ नये म्हणून मुलेच न कळल्याचे सोंग करत होती. 1989 च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे बारावे कलम मुलाला आपल्याविषयीच्या निर्णयांत आपले मत मांडण्याचा हक्क देते, आणि भारताने 1992 साली तो मान्य केला आहे. तेव्हा हे कोणाच्या मर्जीचे काम उरलेले नाही.

मग करायचे काय? ज्या विहारात दर रविवारी वंदना होते तेथे महिन्यातला एक रविवार या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना द्यावा. आधी मुलाला त्याच्या आजाराचे नाव आणि प्रकार सांगता आला पाहिजे : मी रोगी आहे की वाहक. मग औषधाचे नाव आणि किती घ्यायचे ते. मग कोणत्या वेळी घरी थांबायचे नाही ते : ताप चढला, छातीत दुखून धाप लागली, पोट एकाएकी फुगून चेहरा पांढरा पडला, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर रात्र असो की पाऊस, रुग्णालय गाठायचे. हे सगळे एका वहीत लिहावे, आणि वही मुलाच्या स्वतःच्या हातात असावी. डॉक्टरने काय सांगितले, किती वाजता आलो, औषध किती वाजता मिळाले, हे तिच्यात त्याने लिहावे. लिहिता येत नसेल तर थोरल्या बहिणीने लिहावे. कोणतीही आई एकटी जाऊ नये. वस्तीतला एक तरुण तिच्याबरोबर असावा, जो आवाज न चढवता पुन्हा एकदा विचारील. आणि या वह्या वर्षाअखेर एकत्र करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात. त्यांत किती मुलांना किती तास थांबावे लागले, किती वेळा औषध बाहेरून आणावे लागले, हे तारखेनिशी असेल. त्याला निवेदन म्हणू नये. निवेदने फायलीत जातात. ती साक्ष आहे, आणि ती नोंदवून घ्या असे म्हणावे.

आमच्यापैकी जे पहिल्या पिढीचे शिकलेले आहेत त्यांच्याकडे या कामासाठी लागणारी एक वस्तू निश्चित आहे. आपल्याला केसपेपर वाचता येतो. आपल्या बापांना तो वाचता येत नव्हता. कमिशनपुढे जायला बाबासाहेबांजवळ जे ज्ञान होते त्याचा शतांश पुरेल. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जायचे आहे. तेथे टेबल आहे, पलीकडे डॉक्टर आहे, अलीकडे मूल आहे. त्या मुलाच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.